जिभेवरचं जस्त

जस्त मला चवीनं ओळखू येतं. डोळे बांधा, समोर पितळ, तांबं आणि जस्त ठेवा. जीभ लावून सांगते कुठलं काय आहे ते. ही काही मिरवायची विद्या नाही. ती ज्या रीतीनं मी शिकले ती तर मुळीच सांगण्यासारखी नाही, म्हणून इतकी वर्षं गप्प होते. पण परवा पुण्याहून नात आली. सकाळी उठून तिनं एका बाटलीतून दोन गोळ्या काढल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. कसल्या म्हणून विचारलं तर म्हणाली, "जस्ताच्या आहेत आजी, ताकदीच्या." बाटलीवर रोज एक असं लिहिलेलं होतं. मग दोन कामून, असं विचारलं तर म्हणाली, "लवकर फरक पडावा म्हणून."

मला हसू आलं ते ठसका लागेपर्यंत. पोरीनं पाठ चोळली, पाणी दिलं. त्या हसण्यात काय काय होतं ते तिला तिथल्या तिथं सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसले.

मी पंधरा वर्षांची होते आणि साऱ्या बीदर गावात आपल्याएवढं शहाणं कोणी नाही अशी माझी समजूत होती. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य. घरात मराठी, देवापुढं आजीची कानडी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की दखनी उर्दू, अशा तीन भाषांत मी सारखीच वटवट करी. आमचे अप्पा धान्याचे व्यापारी. घर बिदरीची, म्हणजे चांदीच्या नक्षीची काळी भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीच्या तोंडाशी. भिंतीला भिंत लावून एका उस्तादांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक अंगण, एक भट्टी आणि चार माणसं कानशी घासत बसलेली. उस्तादांच्या बायकोला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणे, मीही म्हणे. आमच्या परसातून त्यांच्या अंगणात जायला भिंतीत एक खिंडार होतं. ते कधी पाडलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं आणि बुजवावं असं कोणाला वाटलंही नव्हतं.

लग्न तेराव्या वर्षीच झालं होतं. सासर राजेश्वरचं, शेतीवाडीचं घर. नवरा गुलबर्ग्याला, म्हणजे आताच्या कलबुर्गीला, शाळेत शिकायला होता. त्याला मी तोवर अडीच वेळा पाहिलं होतं. एकदा लग्नात, बाशिंगाच्या फुलांतून. एकदा नागपंचमीला, तो वडिलांबरोबर आला तेव्हा दाराच्या फटीतून. आणि अर्धा म्हणजे त्याच दिवशी परत जाताना, गाडीत पाठमोरा बसलेला. मान तेवढी दिसली. मानेवर उजव्या अंगाला एक जुना व्रण होता, बोटाच्या पेराएवढा. पुढची दोन वर्षं मी त्या व्रणाशीच संसार केला. तो कशानं झाला असेल याच्या मी नाना कथा रचल्या. एका कथेत तर वाघ होता. राजेश्वरच्या आसपास वाघ कुठला यायला? पण माझ्या डोक्यात आला खरा.

सासरी न्यायची वेळ आली त्याच पावसाळ्यात मला हिवतापानं धरलं. ताप सुटला, पण माझ्यातलं निम्मं माणूस घेऊन गेला. हाडं वर आली, जिना चढले की दम लागे. सासूबाई न्यायला म्हणून आल्या त्या मला बघून थांबल्या. उंच, धिप्पाड बाई, बोलणं मोजकं. त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरला. बोटं एकमेकांना टेकली. मग त्या आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, म्हणाल्या की आमच्याकडं शेताचं काम असतं, गोठा असतो, पोरीनं अंग धरलं की नेऊ. बोलणं वाईट नव्हतं. त्यात काळजीही असेल. पण माझ्यातल्या त्या शहाणीला एवढंच ऐकू आलं: अंग धरलं नाही तर नेणार नाहीत.

मग अप्पांनी मला चौबारा बुरुजाजवळच्या हकीमसाहेबांकडं नेलं. पांढरी दाढी, हाताला अत्तराचा वास. त्यांनी नाडी धरली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, भूक विचारली आणि जस्ताचा कुश्ता दिला. कुश्ता म्हणजे भस्म: धातू कोरफडीच्या रसात घोटून, पुटं देऊन देऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजून मारलेला, मैद्याहून मऊ. चाळीस पुड्या. ते अप्पांना बजावून म्हणाले, "एक चावल के बराबर. मलई में. चालीस दिन, फिर बस." आणि माझ्याकडं वळून, जणू माझ्या कपाळावर काही लिहिलेलं वाचावं तसं बघत म्हणाले, "ज्यादा नक्को."

दहा दिवसांत मला भूक लागायला लागली. एका भाकरीच्या दोन झाल्या. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी कोणी असती तर देवाला हात जोडून गप राहिली असती. पण आमच्या बाईसाहेबांनी हिशोब मांडला: तांदळाएवढ्यानं एवढी भूक, तर दोन तांदळांएवढ्यानं केवढी? दिवाळीपर्यंत मी राजेश्वरला! त्या दिवसापासून दोन पुड्या एकदम. एक अव्वासमोर, एक तिची पाठ वळल्यावर. पंचविसाव्या दिवशी पुड्या संपल्या आणि उरलेले पंधरा दिवस आ वासून पुढं उभे राहिले. कारण अव्वा रोज सकाळी मलईची वाटी घेऊन समोर बसे आणि पुडी तोंडात गेल्याशिवाय उठत नसे. तिला खरं सांगून टाकावं म्हटलं तर अप्पांचा चढा आवाज आठवे. हकीमसाहेबांचं ते 'ज्यादा नक्को' आठवे.

आणि इथं ते घडलं जे आमच्याच घरातल्या, त्याच गल्लीतल्या पोरीकडून घडावं. आमचं घर बसवण्णांना मानणारं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आजीच्या हाताशी विभूतीची डबी कायम. ताप आला, विभूतीचं बोट जिभेवर. पोट दुखलं, बोट जिभेवर. स्वप्न पडून दचकले, तरी तेच. तेव्हा पांढऱ्या राखेनं कोणाचं वाईट होतं हे मला जन्मात कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि भिंतीपलीकडं उस्तादांच्या भट्टीवर रोज पांढरी राख जमत होती.

बिदरीचं भांडं ओततात ते जस्ताचं. जस्ताच्या ढिगात चिमूटभर तांबं. मुशीत जस्त वितळायला लागलं की त्यातून हिरवट जाळ निघतो आणि वर पांढरं काहीतरी पिंजलेल्या कापसासारखं उडून मुशीच्या काठाला चिकटतं. उस्ताद ते कुंचल्यानं झाडून टाकत. मी लहानपणापासून बघत आलेली. एकदा विचारलंही होतं, एवढ्या जस्तात तेवढंसं तांबं कशाला? तर म्हणाले की ते नसलं तर पेला हातात टिकत नाही, काचेसारखा तडकतो. ओतकामाच्या दिवशी धूर जास्त झाला तर संध्याकाळी त्यांच्यातलं एखादं माणूस हुडहुडी भरून गोधडीत पडे, दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागे. जस्ताचा ताप म्हणत त्याला. तेव्हा हे दिसलंच नव्हतं अशी सबबही मला नव्हती. पण शहाणीनं मनाला समजावलं की तो धुराचा दोष. राख ती राख. हकीमसाहेब तरी काय करतात? जस्त जाळतात. उस्ताद काय करतात? जस्त जाळतात.

दुपारी उस्ताद नमाजाला गेले, खाला आत भात उतरवत होत्या. मी खिंडारातून गेले आणि मुशीचा काठ बोटांनी पुसून आणला. ठेवायला आजीची एक रिकामी विभूतीची डबी. पोरीच्या उशाशी विभूतीची डबी दिसली तर कोण विचारणार? उलट आजीला वाटलं, नात भक्तीला लागली.

रिकाम्या पुड्यांच्या कागदात मी ती राख भरू लागले. तांदळाएवढी म्हणता म्हणता चिमूट झाली. चाळीस दिवस संपले, अव्वाचा पहारा उठला, पण मी थांबले नाही. कारण मधेच राजेश्वरहून निरोप आला होता की दिवाळीला बघू. 'बघू' या शब्दानं माझी चिमूट वाढवली.

आधी तोंडाची चव गेली. पाण्याला जस्ताची कड चाटल्यासारखी चव, भाकरीला तीच, गुळालाही तीच. मग पोटात पिळे पडू लागले. मग ओकाऱ्या, रोज सकाळी, परसात पारिजाताच्या आडोशाला. मला वाटे, औषध अंगात भिनतंय. असं मी स्वतःला कसं पटवलं असेल ते आज मलाही कळत नाही. भूक जी आली होती ती मेली. दिवाळीपर्यंत मी आधीहून पांढरी पडले. नखं पांढरी, ओठ पांढरे, पायांच्या बोटांना मुंग्या, न्हाताना हातात केसांचे पुंजके. अव्वा म्हणे हिवताप परत आला. मी मान हलवी आणि चिमूट आणखी वाढवी. कारण अंग धरत नव्हतं ना!

पारिजाताच्या आडोशाला मला एके सकाळी चुलतीनं पाहिलं. चुलती मनानं वाईट नव्हती. तिला फक्त पोटात काही ठेवता येत नसे, आणि त्या बाबतीत तेव्हा माझंही तसंच चाललं होतं. लग्न झालेली, सासरी न गेलेली पोर रोज सकाळी ओकते, एवढी एकच गोष्ट तिनं विहिरीवर सांगितली. पुढचं विहिरीनं सांगितलं. दोन आठवडी बाजारांत ती राजेश्वरला पोचली.

कार्तिक उतरणीला लागला होता. भर दुपारी दारात बैलगाडी थांबली. सासूबाई उतरल्या आणि त्यांच्या मागं त्यांच्या गावची सुईण. अव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला. सासूबाईंनी हात लावला नाही. त्या ओसरीवर उभ्याच राहिल्या आणि अव्वाला म्हणाल्या, "कितवा म्हैना?"

अव्वाला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती खांबाला धरून खाली बसली. अप्पा पायताण घालून बाहेर निघून गेले. मला त्यांची पाठ दिसली आणि आयुष्यात पहिल्यांदा समजलं की मी काय करून बसले आहे. सासर जाणार होतं ते जाणारच, पण त्याच्याबरोबर अप्पांना या गावात मान वर करून चालणंही जाणार होतं.

सुईण मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिचे हात थंड होते. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि पदराला हात पुसत सांगितलं की पोटात काही नाही, अन्नसुद्धा नाही.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "मग ओकायलीस कामून?"

बोलावं तर खालांचं नाव निघणार. चुलती तिथंच उभी होती. शेजाऱ्यांनी पोरीला विष घातलं असं संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. आणि राख का खाल्ली ते सांगावं तर त्याहून वाईट. त्या काळी नवऱ्याकडं जायची घाई झालीय असं पोरीनं आईसमोर म्हणणं म्हणजे रस्त्यात डोक्यावरचा पदर फेडणं. मी आत गेले, उशाखालची डबी आणली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"हे खाते."

त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि अंगणात थुंकल्या. "ही इभूती न्हाई."

"जस्ताची राख हाय. भट्टीवरची. मीच चोरून आणायले. त्यांना ठावं न्हाई."

"कशापायी?"

"तुम्ही म्हणलाव, अंग धरल्यावर नेऊ." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझं तोंड. "मला यायचं व्हतं."

भिंतीपलीकडं कानस घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. खिंडारात खाला उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. मी जमिनीकडं बघत होते. सासूबाईंचे पाय दिसत होते, भेगाळलेले, जोडव्यांचे. ते पाय जागचे हलले. त्या अव्वाजवळ जाऊन बसल्या, अगदी खाली, जमिनीवर, आणि म्हणाल्या, "पाणी द्या इहीणबाई."

अव्वानं तांब्या दिला. त्यांनी तो वरून धरून सगळा संपवला. इतक्या वर्षांत मी पुष्कळ चांगलं ऐकलं, पण त्या घशातून पाणी उतरल्याच्या आवाजाएवढं चांगलं काही ऐकलं नाही.

मग त्यांना हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून त्या हसत होत्या आणि खांदे हलत होते. "उद्या नेते हिला," त्या म्हणाल्या. "हितं ठिवली तर शेजाऱ्याची भट्टीबी खाऊन बसंल."

अप्पांना शोधून आणलं, त्यांच्याबरोबर हकीमसाहेबही आले. डबी हुंगून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी माझी पापणी ओढून अप्पांना दाखवली. आत लाली म्हणून नव्हती. ते रागावले नाहीत, दुखावले. आपला कुश्ता महिनोन् महिने घोटावा लागतो, तोही चाळीस दिवसांच्या वर कोणाला देत नाही, म्हणाले. भट्टीवरची राख कच्ची, तिच्यात शिसं असेल, आणखी काय काय असेल, कोणाला माहीत. मग थोडं थांबून त्यांनी हेही सांगितलं की दुप्पट घेतला तर आपला कुश्तासुद्धा कमी वाईट नाही. एवढं कबूल करणारा वैद्य मला पुन्हा भेटला नाही. उतारा म्हणून त्यांनी कुठलीच पुडी दिली नाही. सगळं बंद. दूध, पालेभाजी, तीळ, गूळ आणि विश्रांती. प्रवास चार दिवसांनी, आणि गाडी हळू हाका.

ते चार दिवस सासूबाई आमच्याकडं राहिल्या. डबी त्यांनी विहिरीमागच्या खड्ड्यात पुरून टाकली, आणि विश्वास नको म्हणून माझ्या अंथरुणाशेजारी स्वतःचं अंथरूण घातलं.

निघायच्या सकाळी खाला खिंडारातून आल्या. डोळे सुजलेले. मला वाटलं बोलणार नाहीत. मुशीवर बोट फिरवणारी पोर आपल्या नाकासमोरून गेली आणि आपल्याला दिसली नाही, हे त्यांना लागलं होतं. "मेरेकू बोलती तो मैं दूध देती थी ना गे," त्या म्हणाल्या. "राख कायकू खाना?" आणि माझ्या हातात एक बिदरीची डबी ठेवली. कुंकवाची. काळ्याभोर झाकणावर चांदीच्या तारेची वेल. वेलीचं एक पान बसवायचं राहिलेलं, म्हणून ती गिऱ्हाइकाला देण्यासारखी नव्हती. "इसमें कुंकू रख. राख नक्को."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा मी मागं पाहिलं. ज्या घरातून निघण्यासाठी मी तीन महिने राख खाल्ली ते घर इतकं लहान दिसत होतं. अव्वा उंबऱ्यावर, आजी तिच्या मागं, खिंडारातून खालांचा हात. मी गाडीत धाय मोकलून रडले. सासूबाई म्हणाल्या, "आता कामून रडायलीस? तुलाच यायचं व्हतं." पण पाठीवर हात ठेवूनच म्हणाल्या.

आणि राजेश्वरला पोचले तर काय? नवरा तिथं नाहीच! तो गुलबर्ग्याला, शाळेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. शाळा असते, तो तिथं असतो, हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. पण तीन महिने चिमटीवर चिमटी घेताना या गोष्टीचा विचार त्या शहाणीच्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता.

सासूबाई मला कामाला हात लावू देत नसत. चुलीपाशी बसवून त्या माझ्या पुढ्यात खायला वाढत: बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि रोज, न चुकता, तिळाची चटणी. लोखंडी कढईत तीळ तडतडत आणि त्या सांगत, "खा. ही कुणाची चोरून आणल्याली न्हाई." चव मात्र परतेना. सगळ्याला जस्त. मी वाटी रिकामी करी आणि चांगलं झालंय म्हणे. त्यांना ते खोटं कळत असणार.

पुढं कितीतरी वर्षांनी लातूरच्या एका डॉक्टरणीला मी ही हकीगत निम्मी सांगितली. ती म्हणाली की अंगाला जस्त लागतंच, पण नखावर मावेल त्याहूनही थोडं. ते भारंभार झालं की तांब्याला अंगात शिरू देत नाही, आणि तांबं नसलं की रक्त धरत नाही. तिळात तांबं असतं, हेही तिनंच सांगितलं. मला उस्तादांचा पेला आठवला. ढिगातली ती चिमूट नसली की तडकतो म्हणत, तो. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडं तीळ होते, एवढंच.

महिनाभरानं वेळा अमावस्या आली. आमच्या मुलखात त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पाच दगड मांडून पुजतात, सगळ्या डाळी-शेंगा-पाल्याची भज्जी शिजवतात आणि मडक्यात आंबील. शाळेला सुटी होती. तो आदल्या दिवशी आला असणार, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, मी आत. दिसला तो शेतात, कोपीपाशी, ज्वारीच्या उभ्या धाटांना पाठ लावून. मी पंगतीला आंबिलीचं मडकं घेऊन गेले. त्याच्यापुढं आले तेव्हा त्यानं वर न बघता द्रोण पुढं केला आणि हळूच म्हणाला, "राख खाल्ल्याली तूच का?"

आंबील द्रोणाबाहेर सांडली, त्याच्या धोतरावर. सासूबाईंनी लांबून पाहिलं आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

नंतर बायकांच्या पंगतीत मी बसले. आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि थांबले. आंबट. नुसती आंबट, ताकाची, ज्वारीची, लसणाची. धातू नव्हता. मी दुसरा घोट घेतला. आंबटच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर शेजारची म्हणाली मिरची लागली वाटतं. मी व्हय म्हणाले.

तो व्रण कशाचा ते त्या संध्याकाळी गाडीतून परतताना कळलं. बोरीच्या झाडावरून पडला होता, सात वर्षांचा असताना. वाघाचं मी त्याला पुढं कधीतरी सांगितलं. तो मरेपर्यंत, कोणी पाहुणा त्या व्रणाबद्दल विचारी तेव्हा, माझ्याकडं बघून 'वाघ' म्हणायचा.

माहेरी येणं-जाणं होत राहिलं. खाला भेटत, प्रत्येक वेळी माझी पापणी ओढून बघत. मग निजामाचं राज्य गेलं ती अठ्ठेचाळीसची गडबड झाली. ते वर्ष मी माहेरी गेले नाही, कोणीच कुठं गेलं नाही. पुढच्या वर्षी गेले तेव्हा पलीकडं कुलूप होतं आणि भिंतीतलं खिंडार विटांनी बुजवलेलं होतं. अव्वाला विचारलं, कुणी बुजवलं? ती म्हणाली, ठाऊक न्हाई. ते कुठं गेले हेही कोणाला नीट सांगता आलं नाही. कोणी हैदराबाद म्हणे, कोणी आणखी लांब. मी बराच वेळ त्या नव्या विटांना हात लावून उभी होते.

आता कोणी नाही. अव्वा, आजी, सासूबाई, हकीमसाहेब, तो. डबी आहे. चांदीची वेल थोडी मळली आहे, न बसवलेल्या पानाची जागा तशीच. कुंकू मी आता लावत नाही, तरी तिच्यात ठेवलेलं आहे, कारण तसं सांगितलं होतं.

नातीला मी एवढंच म्हणाले की एक घे, आणि तीही डॉक्टरला विचारून. ती हो म्हणाली, म्हणजे ऐकणार नाही. तिलाही कुठं पोचायची घाई असेल. मी विचारलं नाही.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी डबी काढली, झाकणाची कड पदरानं पुसली आणि हळूच जीभ लावली. लावते अधूनमधून. नुसती कड, तेवढ्यानं काही होत नाही. जिभेवर ती चव आली की पुन्हा सगळे तिकडं असतात: अव्वा मलईची वाटी घेऊन, पलीकडं कानस घासतेय, आणि राजेश्वर अजून लांब आहे, मला तिथं जायचं आहे.

नात न्हाऊन कधी आली कळलं नाही. "आजी, काय करतेस?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "घासलीय का नीट ते बघायले."